डेक्कन कॉलेजातले सोबती

नमस्कार श्रोतेहो. १७ जून १८९५ रोजी पुण्यात गोपाळ गणेश आगरकर गेले. वय अवघं अडतीस. 'केसरी'त मृत्युलेख लिहायचा होता आणि लिहिणार होते टिळक. ज्यांच्याशी गेली कित्येक वर्षं लेखणीने दोन हात केले, त्यांच्यावर! एरवी झरझर लिहिणाऱ्या टिळकांना त्या दिवशी अश्रू आवरेनात, असं सांगतात.

शाळेत आपण 'आधी राजकीय की आधी सामाजिक' याचं पाच मार्कांचं उत्तर पाठ करतो. हे दोघे कॉलेजातले सोबती होते, हे मात्र त्यात राहूनच जातं.

आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. घरी दारिद्र्य. कंपाउंडरी करून झाली, शिकायला मिळेल म्हणून रत्नागिरीपर्यंत पायपीट झाली. कॉलेजात अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. आणि एम.ए. होता होता या मुलाने आईला कळवलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी देणार. त्या माउलीने ते पत्र कुणाकडून वाचून घेतलं असेल, कोण जाणे.

पुढे न्यू इंग्लिश स्कूल, मग 'केसरी'. आगरकर त्याचे पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथले दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ साली दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. एकाच कोठडीत. तिथेही रात्री वाद असे रंगायचे, की पहारेकरी येऊन दटावायचे! या वादांबद्दल आगरकरांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

मग बिनसलं. १८८८ला 'सुधारक' निघाला. मुलींच्या संमतिवयाचा कायदा, विधवांचं केशवपन, स्त्रीशिक्षण. आगरकर एक पाऊल मागे घेईनात. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि पुन्हा लिहायला बसले. १८९२ला ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा तर जन्माचा सोबती. बोलता बोलता धाप लागायची, पण वर्ग चालूच.

ते गेल्यावर उशाशी एक पुरचुंडी सापडली, असं सांगतात. आत थोडे पैसे होते. स्वतःच्या दहनासाठी बाजूला काढून ठेवलेले.