हिंदमाताची एमजी: भंगारात की गॅरेजला?

ही गाडी. पत्र्याची शेड, भिंतीला टेकलेली, बॉनेटवर बिघडलेले पंखे आणि मखराच्या जुन्या फळ्या. दादरला हिंदमाताच्या अलीकडची बिल्डिंग आहे, रिडेव्हलपमेंटला गेलीये, भाडेकरू निघालेत आणि शेडही आता पाडणार. म्हणून तर विषय निघाला, नाहीतर ही अशीच पडून राहिली असती.

एमजी टीडी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्सकार. 1949 च्या अखेरीपासून 1953 पर्यंत इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती, एकूण तीस हजाराला थोड्या कमी आणि त्यातल्या बहुतेक गेल्या अमेरिकेला. आपल्याकडे आल्या त्या मोजक्याच, कारण पन्नासच्या दशकात बाहेरच्या तयार गाड्या आणणं जवळजवळ बंदच झालं. दोन सीट, 1250 सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, दारं उलट्या बाजूने उघडणारी, पेट्रोलची टाकी मागे उघड्यावर आणि तिच्या पाठीवर स्टेपनी. हॉर्निमन सर्कलवरून निघालेल्या व्हिंटेज रॅल्यांमध्ये अशी एखादी गेली की लोक फुटपाथवरून खाली उतरून बघायचे.

आता दारावरची ही रेघ बघा. 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस, आणि इथे पाणी सीटच्या वर. रेघेच्या खालचा रंग वेगळा, वरचा वेगळा. नंतर कधीतरी झाडाची फांदी शेड फोडून पडली, डावा मडगार्ड आत गेला तो तेव्हा. भंगारवाला येऊन गेलाय, भाव वजनावर केलाय त्याने.

जुन्या गाड्यांचे मिस्त्री आलेत माझगावहून. मालक आधी मडगार्डच दाखवायला लागले, साहजिक आहे, डोळ्यात तोच भरतो. मिस्त्री म्हणाले, "काका, मडगार्ड सोडा, तो पत्रा आहे, पत्रा मिळतो. आधी खाली काय आहे ते बघू."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण जुनी गाडी ठेवायची की नाही हे आपल्याकडे लोक रंग बघून आणि इंजिन सुरू होतं का एवढं बघून ठरवतात. टीडीचे मडगार्ड, रबरं, वायरिंग, बॉडीचा लाकडी सांगाडासुद्धा, आजही बाहेर नवीन बनतो आणि मागवता येतो. जे मागवून चालत नाही ते म्हणजे हिची स्वतःची चेसिस, म्हणजे सगळी गाडी ज्यावर उभी असते तो खालचा लोखंडी सांगाडा, आणि तिच्यावर ठोकलेला नंबर.

गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या, म्हणजे आधाराचे स्टँड, लावले. मिस्त्रींच्या हातात छोटी हातोडी. पुढून मागे ठोकत चाललेत, आवाज ऐका. ठण, ठण, ठण... आणि इथे, थप. टीडीची चेसिस डबी सेक्शनची आहे, म्हणजे आतून पोकळ, पाणी आत शिरलं की सहज बाहेर निघत नाही. त्यांनी भोकातून वाकवलेली तार आत घातली, फिरवली, आणि हे बघा काय पडतंय. 2005 चा चिखल. वाळून पावडर झालेला, गंजाच्या पापुद्र्यांसकट, खाली अंथरलेल्या पेपरवर ढीग झाला त्याचा.

थप आवाज आला ती जागा खरवडली. बोटाने दाबून पत्रा आत जात नाही, स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर एका ठिकाणी आरपार गेला, साधारण तळहाताएवढा भाग. तेवढा कापून त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करता येतो. बाकी सगळीकडे ठण.

मग ओळंबा. गवंड्याकडे असतो तोच. चेसिसवर डावीउजवीकडे जुळणारे पॉइंट धरायचे, प्रत्येकातून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने फुली. गाडी बाजूला ढकलली की खाली फक्त फुल्या उरतात, आणि त्या फुल्यांमध्ये तिरकी टेप लावायची, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग दुसरी बाजू. दोन्ही मापं सारखी आली तर चेसिस सरळ. मिस्त्रींनी दोनदा मोजलं, मालकांनी स्वतः एकदा मोजलं. फरक दोन-तीन मिलिमीटर, तोही खडूच्या जाडीचा असेल. म्हणजे फांदीचा मार मडगार्डवरच थांबला.

लाकूड मात्र गेलंय. टीडीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो, क्रिकेटचे स्टंप करतात तेच लाकूड. दार उघडलं की खाली लोंबतंय बघा, बिजागऱ्या मागच्या खांबाला आहेत आणि तो खांबच बुडाशी कुजलाय, नखाने भुसा निघतोय. आलेले सुतार म्हणाले सागवानी टाकू, वाळवीचं आणि पाण्याचं टेन्शन नाही. बरेच लोक म्हणतील अ‍ॅशच पाहिजे. मला मुंबईच्या हवेत सुतारांचं पटतं, फक्त जुने तुकडे टाकायचे नाहीत, कुजलेले असले तरी, कारण नवीन कापायला माप तेच आहे.

इंजिन जाम आहे. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल सोडलंय, मुरू द्यायचं. तिकडच्या थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटलेला निघायची भीती असते, मुंबईत ती नाही, एवढं तरी आपल्या हवेचं सुख. पण हा बोल्ट बघा जवळून. डोकं इंग्लिश व्हिटवर्थ मापाचं, पाना तोच लागतो, आणि आटे मात्र मेट्रिक! कारण एमजी ज्या मॉरिस कंपनीची होती त्या मॉरिसने इंजिनाचा जो कारखाना कॉव्हेंट्रीला घेतला तो मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, तिथल्या मशिनरीवर आटे मेट्रिकच पडायचे, आणि इंग्लंडभरच्या मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे म्हणून डोकी तशी ठेवली. हे माहीत नसेल तर माणूस इंग्लिश आट्याचा बोल्ट जबरदस्तीने पिळतो आणि ब्लॉकमधले आटे कायमचे जातात. म्हणून निघणारा प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर मार्करने जागा लिहून.

आता नंबर. चेसिसच्या पुढच्या टोकावर पॉलिश पेपर घासतायत, हळूहळू आकडे वर येतायत. मालकांनी आरसी बुक आणलंय, वडिलांच्या नावावर, जुना मुंबईचा बी एम वाला नंबर. आरसीवरचा एकेक आकडा ते वाचतात, मिस्त्री खाली बोट ठेवतात. जुळला. ब्लॉकवरची इंजिन नंबरची अष्टकोनी पितळी पट्टीसुद्धा जागेवर आहे, तो नंबरही जुळला.

याला फक्त भावनेपुरती किंमत नाहीये. 2021 च्या केंद्राच्या नियमात 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी. पहिल्यांदाच नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए येतं, आधी नोंदवलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल, इंजिन बदललेलं नको. म्हणजे कोणी सांगेल की दुसरी चेसिस आणून हिची बॉडी बसवा, स्वस्त पडेल, तर तिथेच सगळं संपलं. रोजच्या वापराला ती नोंदणी चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच.

खर्च विकून निघणार नाही, दोन-तीन वर्षं सहज जातील आणि नव्या बिल्डिंगमध्ये पार्किंग मिळेलच असं नाही, मालकांना हे सगळं माहितीये.

त्यांनी भंगारवाल्याला फोन करून नको सांगितलंय. पहिलं काम चेसिसचं, त्यासाठी बॉडी उतरवायची, पण त्याआधी दारांच्या जागी आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करायच्या, नाहीतर कुजलेल्या खांबांवर ती उचलतानाच वाकेल. इंजिनाला हात त्यानंतर. आणि आरसी वडिलांच्या नावावरून स्वतःच्या नावावर करायचा अर्ज मालक या आठवड्यात ताडदेव आरटीओत देणार आहेत, कारण तो झाल्याशिवाय व्हिंटेजचा फॉर्म भरता येणार नाही.