यात बातमी काय?

(पत्रकार दिनानिमित्त तालुका वार्ताहरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 1832 साली आजच्याच तारखेला, 6 जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक मुंबईत निघाला. जांभेकरांवर आज ठिकठिकाणी भाषणं होतील, हार घातले जातील. मी त्यांना इथूनच नमस्कार करतो आणि तुमच्या रोजच्या कामातल्या एका अडचणीकडे वळतो.

इंग्रजी पत्रकारितेत ‘न्यूजवर्दी’ असं एक विशेषण आहे. बातमी देण्याच्या लायकीची घटना, असा त्याचा अर्थ. आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांनी त्यावरून ‘बातमीमूल्य’, ‘वृत्तमूल्य’ असे शब्द घडवले. परीक्षेत ते लिहावेत, मार्क मिळतात. पण माझं उभं आयुष्य डेस्कवर गेलं आणि रात्री अकराला पान सोडायच्या घाईत एकाही वृत्तसंपादकानं ‘याचं वृत्तमूल्य काय?’ असं विचारलेलं मला आठवत नाही. तो विचारतो, “यात बातमी काय?” किंवा, “याची बातमी होते का?”

या ‘होते’कडे जरा बघा. दुधाचं दही होतं, तशी घटनेची बातमी होते. आपोआप, कुणाचा हात न लागता. प्रत्यक्षात ती कुणीतरी करतं. तुम्ही तालुक्यातून पाठवता, जिल्ह्याला कुणी ती ठेवतं, मुख्य कार्यालयात कुणी ती आतल्या पानावर ढकलतं, आणि ऐन वेळी जाहिरात आली की कुणी ती उडवतं. वाक्यात मात्र या चौघांपैकी एकाचंही नाव नाही. ‘बातमी होत नाही’ म्हटलं की विषय संपला. कुणी ठरवलं, असं विचारायची सोयच नाही.

मराठीत बातमीसाठी शब्दांचा तुटवडा आहे असं समजू नका. आधी नुसती कुणकुण लागते, मग सुगावा लागतो. कुणी आवई उठवतं, कुणी हूल देतं, कुणी कंडी पिकवतं. वदंता असते, अफवा असते, पक्की खबर असते, आतल्या गोटातली बातमी असते. बातमी फुटते, पेरली जाते, दाबली जाते. पण हे सगळे शब्द बातमी खरी की खोटी, ती कुठून आली आणि तिचं पुढे काय झालं, एवढंच सांगतात. ती सांगण्याजोगी आहे का, याबद्दल यातला एकही शब्द काही बोलत नाही.

मला याचं कारण जुन्या दरबारात दिसतं. तिथे बातमी म्हणजे हेरानं आणलेली माहिती. अष्टप्रधानांतल्या मंत्र्याला वाकेनवीस म्हणत, म्हणजे घडलेल्या गोष्टी टिपून ठेवणारा. बहिर्जी नाईकांचं नाव तर आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. गडावर शिबंदी किती, खजिना कोणत्या वाटेनं निघाला, हे राजाला हवं असे. ते सांगण्याजोगं आहे का, हा प्रश्न हेरानं करायचाच नव्हता. ऐकणारा एकच होता आणि त्याची गरज ठरलेली होती. फक्त बातमी खरी हवी. ‘खबरदार’ हा शब्दही त्याच घरातला. ज्याच्याकडे खबर आहे तो सावध, म्हणून खबरदार. आता आपण तो पोराटोरांवर ओरडायला वापरतो.

पानिपताचं उदाहरण घ्या. लढाई 14 जानेवारी 1761 ला झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते, माळव्यात भेलशाजवळ पोचले होते. त्यांना त्या संहाराची पहिली ठाम कल्पना आली ती एका सावकाराच्या पत्रातून. दोन मोत्ये गळाली, मोहरा गेल्या, खुर्दा किती गेला त्याला गणती नाही, अशा अर्थाचा सांकेतिक मजकूर होता. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. आपण हे शोकाची भाषा म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण पत्र सावकाराचं होतं, हेही लक्षात घ्या. ज्याच्या हुंड्या दिल्लीपासून दक्षिणेपर्यंत फिरत होत्या, त्याला लढाईचा निकाल तातडीनं कळणं भाग होतं. बातमीला किंमत होती, आणि ती कुणासाठी आहे हेही स्पष्ट होतं.

छापखाना आला आणि हा एकच ऐकणारा नाहीसा झाला. आता बातमी कुणासाठी? 1867 च्या छापखाना व पुस्तक नोंदणी कायद्यानं वर्तमानपत्राची व्याख्या करताना ‘सार्वजनिक बातमी किंवा तिच्यावरचं भाष्य’ असलेलं नियतकालिक, असं म्हटलं. हा कायदा दीडशे वर्षांहून जास्त टिकला. 2023 च्या नव्या कायद्यानं त्याची जागा घेतली. पण ‘सार्वजनिक’ म्हणजे काय, ते 1867 च्या कायद्यात सांगितलेलं नव्हतं. ते संपादकांनी आपापल्या परीनं ठरवलं.

मराठी संपादकांनी बराच काळ त्या व्याख्येतल्या दुसऱ्या भागावर, भाष्यावर, भर दिला. 1881 साली ‘केसरी’ निघाला तो प्रामुख्यानं मत मांडायला. लोकही अग्रलेख वाचायलाच अंक घेत. चावडीवर एकानं वाचायचा, दहांनी ऐकायचा. ही घडी मोडली ती ना. भि. परुळेकरांनी. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसानं 1 जानेवारी 1932 ला पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला आणि बातमीला पुढच्या बाकावर बसवलं. नगरपालिकेचं पाणी, बाजारभाव, आसपासच्या गावांतल्या घडामोडी. भाजीचा भाव ही छापायची गोष्ट आहे का, असं नाक मुरडणारे तेव्हाही असतीलच. पण गृहिणीला आणि शेतकऱ्याला तो भाव अग्रलेखाइतकाच लागतो, हे परुळेकरांनी ओळखलं. आज तुम्ही या खुर्च्यांवर बसलेले आहात, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

बातमी कशाची होते, याचा पद्धतशीर अभ्यास 1965 साली योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या दोन संशोधकांनी केला. काँगो, क्युबा आणि सायप्रसमधल्या पेचप्रसंगांच्या बातम्या त्यांनी नॉर्वेच्या चार वृत्तपत्रांत तपासल्या आणि बारा कसोट्या मांडल्या. बाराच्या बारा सांगत नाही, पुस्तकात सापडतील. मला त्यातल्या दोन महत्त्वाच्या वाटतात. घटना वृत्तपत्राच्या वेळापत्रकात बसली पाहिजे. एका दिवसात घडून गेलेली घटना सोपी, दहा वर्षं हळूहळू घडणारी अवघड. आणि ती वाईट असेल तर लवकर छापून येते. दुसऱ्या कसोटीला आपण हसायचं कारण नाही. गणपतीच्या आरतीत आपण ‘वार्ता विघ्नाची’ म्हणतो. वार्ता हा शब्द मराठी मूल पहिल्यांदा उच्चारतं तोच विघ्नाला जोडून.

पहिल्या कसोटीनं आपलं फार नुकसान केलं आहे. 19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी वर्ध्याजवळ पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. आज आपण त्या घटनेकडे शेतकरी आत्महत्यांच्या मालिकेची सुरुवात म्हणून पाहतो. एका दिवसाची घटना म्हणून ती छापता येत होती. तिच्यामागचं कर्ज, वीज, कापसाचा भाव हे सगळं वर्षानुवर्षं सुटं सुटं घडत होतं आणि त्यात ‘आज काय झालं?’ याला उत्तर नव्हतं. म्हणून त्याची बातमी होत नव्हती. पुढे आत्महत्या इतक्या झाल्या की उलटी अडचण आली: रोजचंच, यात नवीन काय? मग ‘आणखी एका शेतकऱ्याची’ अशी दोन ओळींची सिंगल कॉलम. 2006 साली ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की मुंबईतल्या फॅशन वीकसाठी पाचशेहून अधिक अधिकृत पत्रकार जमले होते, कपडे सुती होते, आणि तो कापूस पिकवणाऱ्या विदर्भात बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्या पाचशे जणांत कुणी दुष्ट नव्हतं. त्यांच्या कार्यालयांच्या लेखी बातमी तिथे ‘होत’ होती, एवढंच.

याच ‘होते’च्या आडोशानं 2009 च्या विधानसभा निवडणुकीत आणखी एक प्रकार झाला. एकाच उमेदवाराचं कौतुक, शब्दशः तेच, वेगवेगळ्या वृत्तपत्रांत बातमी म्हणून आलं. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, अहवाल तयार केला. त्यावर आज जास्त बोलत नाही. तुमच्यापैकी अनेकांना जाहिरातीचं टार्गेट असतं, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

उरला एक मुद्दा, आणि तो तालुक्यात सर्वांत जास्त चुकतो. बातमी असणं वेगळं आणि तिच्यातलं सगळं छापण्याजोगं असणं वेगळं. बलात्काराची घटना ही बातमी आहेच; पण पीडितेचं नाव किंवा ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 228-अ खाली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली. मुलांच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, आणि बाल न्याय कायदा आणखी कडक आहेत. नाव गाळलं म्हणजे झालं, असं आपल्याकडे समजतात. मग मजकुरात येतं: अमुक वाडी, वडील तमुक ठिकाणी चौकीदार, मुलगी नववीत. वाडीत उंबरे पन्नास, चौकीदार एक, नववीतली मुलगी एक. शहरातल्या उपसंपादकाला त्यात ओळख दिसत नाही, कारण त्यानं ती वाडी पाहिलेली नाही. ती तुम्ही पाहिलेली असते, त्यामुळे कॉपी पाठवण्याआधी वाडीचं नाव, वडिलांचं काम आणि इयत्ता तुम्हीच काढायची. डेस्कवरून ‘तपशील कमी आहे’ म्हणून फोन आला, तर कलमाचा आकडा सांगायचा.

आता प्रश्न घेऊ. माइक मागे द्या.