मिनिटभरात घोडा

श्रोतेहो, नमस्कार.

गुळाचा पाक झाला की नाही, हे माझी आई वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघायची. गोळी जमली की घरात एकच धांदल, कारण लाटायला उशीर झाला तर चिक्कीचा दगड व्हायचा. तापल्या काचेतून प्राणी घडवणाऱ्याची धांदल हीच. फक्त त्याचा पाक हजार अंशांच्या आसपासचा.

इटलीत व्हेनिसजवळ मुरानो नावाचं बेट आहे. भट्ट्यांमुळे शहराला आग लागेल, या धास्तीनं व्हेनिसनं १२९१ साली आपले काचकारखाने तिकडे हलवले. आज तिथे पाहुण्यांना हमखास करून दाखवतात तो मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा.

कारागीर लोखंडी कांब भट्टीत घालतो आणि टोकाला नारिंगी गोळा गुंडाळून बाहेर काढतो. कांब सतत फिरती हवी. थांबली की काच मधासारखी ओघळलीच. मग चिमटा. एक ओढ, की मान आणि तोंड. मानेवर टचटच चिमटे काढले, की आयाळ. पुढचे पाय ओढून दुमडायचे, मागचे ताणायचे, उरली त्याची शेपटी. मिनिट-दीड मिनिटात घोडा उभा!

हे जमतं ते काचेच्या स्वभावामुळे. बर्फ शून्य अंशाला वितळतो. काचेला असा ठरावीक आकडाच नाही. ती पातळ असते, मग चिकट होते, मग हळूहळू आवळत जाते. त्या चिकटपणात जे साधेल तेच खरं.

बोट लावायची तर सोयच नाही. पण मोठ्या कामात अनेक कारागीर वर्तमानपत्राची जाड घडी चिंब भिजवून तळहातावर धरतात आणि तिच्यावर गोळा फिरवतात. मध्ये वाफ, म्हणून हात शाबूत. रद्दीचा याहून भारी उपयोग मला तरी ठाऊक नाही. मुरानोचे पीनो सिन्योरेत्तो (१९४४–२०१७) यांनी तर अशा भरीव काचेतून मोठाली शिल्पं घडवली.

घोडा उभा राहिला, तरी काम संपत नाही. काच बाहेरून आधी गार होते, आत धग राहते. त्या ओढाताणीत ती नंतर कधीतरी तडकते. म्हणून मूर्ती पाचशे अंशांच्या आसपास तापलेल्या दुसऱ्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात. मोठ्या मूर्तीला कित्येक दिवस लागतात. आणि गंमत बघा, तापलेली असताना निळी काय, हिरवी काय, सगळी काच नारिंगीच दिसते. घोड्याचा खरा रंग दिसतो तो काच निवल्यावरच.