अठराव्या वर्षी मत, पण जीएस कोण निवडणार?

[दृश्य: अहमदाबाद. कॉलेजच्या वसतिगृहाची, मोर्चांची जुनी छायाचित्रं]

डिसेंबर १९७३. अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं आणि मुलं भडकली. तेल, धान्य सगळंच महागलं होतं, त्यामुळे मेसमधला संताप बघता बघता शहरात आणि तिथून राज्यभर पसरला. फेब्रुवारीत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली. गुजरातचं नवनिर्माण आंदोलन ते हेच.

जून १९७५ मध्ये नवी विधानसभा निवडायची वेळ आली, तेव्हा याच आंदोलनातल्या अनेक मुलांचं नाव मतदार यादीत नव्हतं. वय एकोणीस किंवा वीस, आणि मतदानासाठी एकवीस पूर्ण हवीत. सरकार पाडलं त्यांनी, निवडलं दुसऱ्यांनी.

[दृश्य: जयप्रकाश नारायण यांच्या सभेचं चित्रण]

त्या काळात जयप्रकाश नारायण यांनी निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली होती. अध्यक्ष होते विठ्ठल महादेव तारकुंडे. मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. १९७५ च्या अहवालात समितीनं सांगितलं, मतदानाचं वय अठरा करा. त्याच वर्षी आणीबाणी लागली, आणि अठराचं राहू द्या, एकवीस पूर्ण केलेल्यांच्या मतदानालाही मुहूर्त मिळेना.

पुढं तेरा वर्षं गेली. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी सरकारनं घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं. १५ तारखेला लोकसभेत, २० तारखेला राज्यसभेत मंजूर. राज्यांच्या विधिमंडळांनी संमती दिली, २८ मार्च १९८९ ला राष्ट्रपती आर. व्यंकटरमण यांची सही झाली. एकसष्टावी घटनादुरुस्ती. बदल केवढा, तर घटनेच्या ३२६ व्या कलमात एकवीसच्या जागी अठरा.

विधेयकासोबतच्या निवेदनात कारण दिलं होतं, की आजचे तरुण साक्षर आहेत, राजकीयदृष्ट्या जागरूक आहेत. वाचताना जरा अडखळायला होतं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून जास्त मतदार होते आणि त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून तर बैलजोडी, झोपडी अशी चिन्हं आली. आजोबांना मत देताना कुणी पाटी-पेन्सिल विचारली नाही, मग नातवाकडेच शहाणपणाचा दाखला का मागायचा?

[दृश्य: १९८९ ची मतदान केंद्रं, रांगा]

नोव्हेंबर १९८९ मध्ये अठरा ते वीस वयाची मुलं पहिल्यांदा लोकसभेसाठी रांगेत उभी राहिली. देशातली मतदारसंख्या सुमारे चाळीस कोटींवरून जवळपास पन्नास कोटींवर गेली. आणि ज्यांनी हा हक्क दिला, तो काँग्रेस पक्ष चारशेहून अधिक जागांवरून १९७ वर आला. तरुणांनी हरवलं, असं म्हणायचा मोह होतो. पण बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचखोरीचे आरोप होते, विश्वनाथ प्रताप सिंहांचं बंड होतं, विरोधकांची एकजूट होती. सगळं श्रेय अठरा वर्षांच्यांना द्यायला नको.

[दृश्य: मुंबईतलं कॉलेज, पायऱ्यांवर बसलेले विद्यार्थी]

आता महाराष्ट्रात येऊ. कारण इथं एक उलटच गोष्ट घडली.

ऐंशीच्या दशकात इथल्या कॉलेजांत जीएसची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरचिटणीसाची (जनरल सेक्रेटरी) निवडणूक म्हणजे धुमाळी. पॅनेल, पोस्टर, वर्गावर्गातून प्रचार. राजकीय पक्षांचा पैसा आला, मग मारामाऱ्याही आल्या. १९८९ मध्येच, म्हणजे मतदानाचं वय उतरलं त्याच वर्षी, मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पालक हादरले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका बंद केल्या. वर्गाचा प्रतिनिधी मुलांनी निवडायचा नाही, गुणपत्रिकेनं ठरवायचा.

पंतप्रधान कोण होणार यात ज्याचं मत धरलं जातं, त्याला वर्गाचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, निवडता येत नाही! हिंसाचार खरा होता, त्याचा बंदोबस्त करायलाच हवा होता. पण आजारावर उपाय म्हणून रोग्यालाच घराबाहेर काढलं. वसतिगृहातलं पाणी, परीक्षेचे घोळ, वाचनालयाची वेळ, असल्या साध्या प्रश्नांवर मतं मागायची, हरायचं, जिंकलं तर वर्षभर जाब द्यायचा, ही तालीम मुलांच्या कितीतरी तुकड्यांना मिळालीच नाही. घराण्यातून आलेल्यांचं त्यामुळे अडलं नाही, कारण त्यांची तालीम घरीच होते. अडलं ते शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या पोराचं.

२०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुकांची दारं उघडली. २०१९ मध्ये वेळापत्रकही ठरलं. मग विधानसभेची निवडणूक जवळ आल्याचं कारण निघालं आणि कॉलेजच्या निवडणुका पुढं ढकलल्या गेल्या. मोठ्यांच्या निवडणुकीसाठी लहानांनी थांबायचं!

[दृश्य: पुणे, सदाशिव पेठ. अभ्यासिका, मेसबाहेर चपलांचा ढीग]

नाव नोंदवण्याचीही एक कथा आहे. २०२४ च्या लोकसभेला अठरा-एकोणीस वर्षांचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार यादीत होते. त्या वयाची लोकसंख्या मात्र पावणेपाच कोटींच्या पुढं असल्याचा अंदाज होता. हा सगळा आळस नव्हे. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसतील तर वर्षभर थांबावं लागे. २०२२ पासून वर्षातून चार तारखा धरल्या जातात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही देता येतो, नमुना ६. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलेल्या मुलाचं नाव मात्र बहुधा गावच्या यादीतच असतं, आणि मतदानाच्या दिवशी एसटीचं भाडं काढून बीड किंवा नांदेड गाठणं सगळ्यांना परवडत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, संस्थाप्रमुखाचा दाखला लागतो. हे किती वसतिगृहांच्या फलकावर लिहिलेलं दिसतं?

[दृश्य: ग्रामपंचायतीचं आवार, ग्रामसभा]

गावच्या यादीत नाव आलं की आणखी एक अधिकार आपोआप मिळतो, ग्रामसभेत बसायचा, बोलायचा. वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्यानं घ्याव्या लागतात. पाणीयोजनेचा खर्च विचारायला तिथं एकवीस-पंचवीसची अट नाही. सरपंचाला मात्र असं विचारणारं पोर फारसं आवडत नाही.

निवडून यायचं असेल तर पुन्हा वयाची पायरी आहे. ग्रामपंचायतीसाठी एकवीस, विधानसभा-लोकसभेसाठी पंचवीस. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं लोकसभेच्या उमेदवारीचं वय अठरा करावं अशी शिफारस केली. निवडणूक आयोगाचं मत विरुद्ध पडलं. एवढ्या लहान वयात लागणारा अनुभव आणि परिपक्वता कुठून येणार, असा त्यांचा आक्षेप.

अनुभवाचं म्हणाल, तर कॉलेजची मतपेटी तीस वर्षांपूर्वी कोणी उचलून नेली, ते आधी विचारायला हवं.