समासातला हिशोब

गरिबीतल्या बालपणाचं आत्मकथन वाचताना डोळे भरून येतात, आणि बऱ्याचदा वाचन तिथेच अडतं. डोळे भरू द्यावेत. हातात पेन्सिल मात्र असू द्यावी.

मजुरी, भाडं, उधारी, फी, औषध... पैशाचा उल्लेख दिसला की समासात खूण करा. शेवटच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखा: मुलाचं वय, घरात आलेला पैसा, गेलेला पैसा. दुसरा रकाना बहुधा रिकामाच राहतो. बापाची कमाई मुलाला ठाऊक नसते. उधार मागायला आपल्यालाच का पाठवत, हे मात्र पक्कं लक्षात असतं.

जुनी रक्कम आजच्या पैशांत बदलून फारसं हाती लागत नाही. धान्य, कापड आणि घरभाडं एकाच वेगाने महागत नाहीत. त्याऐवजी ती किती दिवसांची मजुरी होती, ते काढा. उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला मोठा वाटा खाण्यावर जातो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्येच मांडलं होतं. तुटलेल्या चपलेवर अख्खं प्रकरण खर्ची पडतं, ते उगाच नाही.

आता भावंडांकडे या. ब्रिटिश समाजसंशोधक सीबोम राउंट्री यांनी 1899 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात मजूर कुटुंबांची पाहणी केली. मजुराच्या घरात सर्वांत जास्त ओढाताण मुलं लहान असताना होते, आणि ती कमावती झाली की हात जरा सैल होतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे छप्पर एकच असलं, तरी थोरल्याचं आणि शेंडेफळाचं बालपण वेगळं. लेखकाची बहीण ‘असं काही नव्हतंच’ म्हणाली, तर दोघंही खरं बोलत असू शकतात. लेखक कितवं अपत्य, हे आधी टिपा.

तीन वर्षांच्या आतलं मोठेपणी सहसा आठवत नाही. त्या वयातले प्रसंग घरच्यांकडून ऐकलेले असतात. लांबलचक संवादही नंतर जुळवलेले. त्यात खोटेपणा नाही, फक्त ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’ यांना वेगळी खूण द्या.

मलपृष्ठावरची ‘जिद्दीची कहाणी’ सगळ्यात शेवटी वाचा. जिद्द असतेच, पण फी कुणी भरली, राहायला जागा कुणी दिली आणि कोणत्या भावंडाची शाळा सुटली, हेही पुस्तकातच असतं, बहुतेकदा एखाद्या ओळीत. अशा पुस्तकांना सूची क्वचितच असते. म्हणून भावंडांची नावं पानांच्या क्रमांकासह पहिल्याच वाचनात लिहून ठेवा.