गस कुठे झोपलाय ते बघा

पहाटेचे चार वाजलेत. बाहेर उणे 38. आत्ता स्क्रीनवर फक्त एक नारिंगी चौकोन दिसतोय, ती स्टोव्हची काच आहे, बाकी सगळा अंधार. डिसेंबरात फेअरबँक्सला सूर्य उगवायला जवळजवळ अकरा वाजतात आणि पावणेतीनच्या आत तो मावळलेला असतो, त्यामुळे पहाट वगैरे फक्त घड्याळात.

अलास्काच्या मधोमध, शहरापासून थोड्या उंचावर टेकडीवर ही माझी केबिन आहे, 16 बाय 20 फुटांची, ओंडक्यांच्या भिंतींची. नळ नाही, पाणी शहरातून कॅनमध्ये भरून आणायचं, संडास बाहेर. अशा केबिनला इथे ड्राय केबिन म्हणतात आणि युनिव्हर्सिटीची कितीतरी मुलं अशीच राहतात. मी शिकायला आले तेव्हा भाडं परवडतं म्हणून घेतली होती, नंतर सोडवेना.

ऊब म्हणाल तर एक लाकडाचा स्टोव्ह आणि दोन कुत्रे. गस अकरा वर्षांचा आहे, आणि ही लवंगी, नऊ वर्षांची. दोघंही स्लेड, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढून रिटायर झालेले. इथे पिल्लांच्या एका वेताला एका थीमवर नावं ठेवायची पद्धत आहे, हिच्या वेताची थीम मसाले होती म्हणून ही क्लोव्ह, आणि घरी आल्यावर दोन दिवसांत तिची लवंगी झाली.

आता तुम्हाला वाटेल की थंडीत कुत्रे स्टोव्हला चिकटून बसत असतील. पहिल्या दिवशी मीसुद्धा हौसेने गससाठी स्टोव्हसमोर चटई टाकली होती. तो पाच मिनिटं बसला, धापा टाकायला लागला आणि उठून सरळ दाराच्या फटीपाशी जाऊन पसरला, जिथून माझे पाय गारठतात तिथे. त्याचं सगळं आयुष्य बाहेर पेंढ्यात झोपण्यात गेलेलं, अंगावर केसांचे दोन थर, वरचा राठ आणि आतला कापसासारखा, तर त्याला 22 डिग्री म्हणजे आपला मे महिनाच की.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की या खोलीचा थर्मामीटर गस आहे. तो दारापाशी असला की आग जोरात आहे. खोलीच्या मधे, टेबलाखाली आला की लाकूड निखाऱ्यावर आलंय, अजून तासभर तरी बघायला नको. स्टोव्हसमोर आला की उठून ओंडका टाकायची वेळ झाली. आणि रात्री माझ्या पायावर एकदम 25 किलो वजन पडलं, म्हणजे विस्तव जवळजवळ गेलाय, ऊठ. आत्ता तेच झालंय.

थांबा, आधी आग बघू.

ही राख अशी बाजूला करायची, हलक्या हाताने. खाली बघा, लाल आहे. जुन्नरजवळ माझं आजोळ, तिथे आजी रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी फुंकणीने दोन फुंकरा मारल्या की चूल पेटलेली. शेजारच्या काकू कधी तवलीत विस्तव मागायला यायच्या. राखेखाली निखाऱ्याला हवा कमी मिळते म्हणून तो सावकाश जळतो, एवढंच आहे ते, पण मला हे पुस्तकातून नाही, तिच्या हाताकडे बघून कळलेलं आणि ते इथे, 64 अंश उत्तरेला, रोज रात्री उपयोगी पडतंय याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

निखाऱ्यांवर बर्चची साल. ही पांढरी, कागदासारखी सुटते ना, तिच्यात तेलकट अंश असतो म्हणून ओली असली तरी पेट घेते. वर दोन बारीक ढलप्या, मग हवेची झडप पूर्ण उघडायची आणि दार किंचित किलकिलं ठेवायचं. चिमणी थंड पडलेली असेल तर धूर वर चढत नाही, खोलीत येतो, म्हणून आधी छोटी, भडक आग. मोठा ओंडका त्यानंतर.

लाकडाबद्दल मी खूप बोलते असं मित्र म्हणतात, पण बोलायलाच हवं. पहिल्या हिवाळ्यात मी एका माणसाकडून लाकूड घेतलं, वाळलेलं आहे म्हणाला, मी विश्वास ठेवला. ते स्टोव्हमध्ये सुसू आवाज करायचं, टोकांतून पाण्याचे बुडबुडे यायचे आणि खोली काही केल्या 12 डिग्रीच्या वर जाईना. साधं गणित आहे, ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं, मग आगीची बरीच ताकद आधी त्या पाण्याची वाफ करण्यात जाते आणि तुम्ही आपले कुडकुडत बसता. शिवाय अर्धवट जळलेला धूर थंड चिमणीत चिकटतो, डांबरासारखी काळी काजळी जमते आणि एक दिवस तीच पेटते. चिमणीतली आग मी एकदाच ऐकली आहे, शेजारच्या केबिनची होती, छपरावरून रेल्वे जातेय असा आवाज. तेव्हापासून दर महिन्याला चिमणी ब्रशने साफ करते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाशेजारी असतो तो असतोच.

मला एका हिवाळ्याला पाच कॉर्ड लाकूड लागतं. कॉर्ड म्हणजे 4 फूट उंच, 4 फूट रुंद, 8 फूट लांब अशी रचलेली रास, 128 घनफूट. त्यात बर्च मिळालं तर सोनं, कारण तेवढ्याच राशीत स्प्रूस या सूचिपर्णी झाडापेक्षा बरीच जास्त उष्णता मिळते. पण बर्चची साल पाणी आत कोंडून ठेवते, न फोडता ठेवलं तर ते वाळत नाही, आतून कुजतं. म्हणून आधी फोडायचं, मग वरून झाकून, बाजू उघड्या ठेवून रचायचं आणि ओलावा 20 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाट बघायची. आज जो ओंडका मी टाकतेय तो दोन उन्हाळ्यांपूर्वी फोडलेला आहे. तेव्हा गस माझ्याकडे आलासुद्धा नव्हता.

फोडायचं तर थंडीत फोडावं. उणे 30 ला लाकडातलं पाणी गोठून ते इतकं ठिसूळ होतं की कुऱ्हाड नुसती ठेवली तरी काचेसारखं दुभंगतं. हा आवाज ऐका. दोन्ही कुत्रे अशा वेळी बर्फात लोळत असतात.

त्यांचे पाय गारठत कसे नाहीत हा प्रश्न मला सगळे विचारतात. पंजाकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या धमन्या आणि परत येणाऱ्या थंड रक्ताच्या शिरा एकमेकींना अगदी खेटून असतात, त्यामुळे वर येणारं रक्त वाटेतच गरम होतं आणि शरीराची ऊब शरीरातच राहते. झोपताना वेटोळं करून शेपटी नाकावर, म्हणजे श्वाससुद्धा गरम हवेचाच. बाहेर राहणाऱ्या कुत्र्यांच्या घरात इथे ब्लँकेट टाकत नाहीत, पेंढा टाकतात, कारण ब्लँकेट श्वासातला ओलावा धरून गोठतं आणि पेंढ्याच्या पोकळ काड्यांत हवा अडकून राहते. आजोळी बैलांखाली आम्ही पेंढाच टाकायचो.

इथून गाडीने तासाभरावर नेनाना नावाचं गाव आहे. 1925 च्या जानेवारीत नोम गावात घटसर्पाची साथ आली, त्यावरचं औषध, अँटिटॉक्सिन, घेऊन रेल्वे नेनानापर्यंत आली आणि पुढचे जवळपास 1,085 किलोमीटर ते कुत्र्यांनी नेलं, 20 माणसं आणि सुमारे 150 कुत्रे, आळीपाळीने, साडेपाच दिवसांत. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कला आहे, पण सगळ्यात लांब आणि सगळ्यात धोक्याचा टप्पा, समुद्रावरच्या बर्फावरून, टोगो नावाच्या कुत्र्याने काढला होता आणि तेव्हा तो 12 वर्षांचा होता. गसपेक्षा एक वर्षाने मोठा. गसची मान खाजवताना मला हे दर वेळी आठवतं.

हा भाग दिवसाउजेडी घेतलेला, खिडकीतून खाली दरीत बघा. सगळ्या चिमण्यांचा धूर सरळ वर जातो आणि एका ठिकाणी झाकण लावल्यासारखा आडवा होतो. वारा नाही, थंड जड हवा खाली बसलेली आणि गरम हवा तिच्यावर, म्हणून टेकडीवर माझ्याकडे दरीपेक्षा दहा-दहा डिग्री जास्त असतं. पण तो धूर खालीच कोंडतो. 2009 मध्ये सरकारने फेअरबँक्स आणि नॉर्थ पोल या गावांचा परिसर सूक्ष्म धूलिकणांच्या प्रमाणात नापास ठरवला, आणि हवा फार बिघडली की ज्यांच्याकडे हीटिंगची दुसरी सोय आहे त्यांना लाकूड जाळायला बंदी होते. माझं स्पष्ट मत आहे, ओलं लाकूड जाळणं म्हणजे आपली थंडी खालच्या लहान मुलांच्या छातीवर टाकणं. हीटिंगचं डिझेल महाग आहे हे मला माहितीये, लोक हौसेने धूर करत नाहीत, पण वाळवायला तर पैसे लागत नाहीत, आधीपासून डोकं लावावं लागतं.

लवंगीचं एक राहिलं. तिला संधिवात सुरू झालाय, केसही विरळ झालेत, तर या वर्षीपासून ती दारापाशी झोपत नाही. आजीची गोधडी मी तिला दिली आहे, जुन्या लुगड्यांची, नऊवारीचे काठ अजून दिसतात बघा, आणि ती गोधडी स्टोव्हपासून चार फुटांवर असते. थोडी जवळ सरकवली तर ती उठून जाते, लांब ठेवली तर कण्हते. चार फूट.

पेटलं. ओंडका धरलाय आता, झडप अर्ध्यावर घेऊ. स्टोव्हवरच्या किटलीत पाणी भरायला हवं, नाहीतर हवा इतकी कोरडी होते की कुत्र्यांना हात लावला की झटका बसतो. वर हा छोटा पंखा आहे ना, त्याला वीज लागत नाही, स्टोव्हच्या उष्णतेवरच तो फिरतो. आत्ता थांबलेला होता. फिरायला लागला.

गस अजून पलंगावरच आहे, माझ्या जागेवर. बसू दे. वीसेक मिनिटं लागतात.

उठला बघा. आळस दिला, खाली उतरला, गोधडीवरच्या लवंगीला हुंगलं, आणि चालला दारापाशी.