छोट्या ट्रॅक्टरनं बाभळीचा बुडखा काढताना

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

बांधावरची जुनी बाभूळ तोडली, लाकूड गेलं आणि मागे दोन फूट जाडीचा बुडखा राहिला. नांगर तिथं अडतो, रोटाव्हेटरची पाती वाकतात, पेरणीला दरवेळी वळसा घालावा लागतो. दारात २०-२४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर उभा असतो, तेव्हा साखळी बांधून ओढून काढू असं वाटणं साहजिक आहे. पण याच घाईत ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतात आणि माणसं जातात. म्हणून आज या कामाबद्दल जरा सविस्तर बोलू.

आधी ताकदीचा हिशेब करू. या आकाराच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण ८०० ते ९०० किलो भरतं. कोरड्या, घट्ट जमिनीवर तो आपल्या वजनाच्या निम्म्या जोरानं ओढतो, म्हणजे ४००-४५० किलो. भुसभुशीत रानात त्याहूनही कमी. इंजिनात कितीही दम असला तरी चाक घसरलं की सगळं वाया. तिकडे बाभळीचं सोटमूळ खोल उतरलेलं असतं आणि आडवी मुळं चारी बाजूंना पसरलेली असतात. मुळं शाबूत असलेला बुडखा या जोराला अजिबात दाद देत नाही. तेव्हा खरं काम कुदळ-कुऱ्हाडीचं. मोकळा झालेला बुडखा आडवा करणं, एवढंच ट्रॅक्टरकडून मागायचं.

झाड अजून तोडायचं असेल तर जमिनीलगत कापू नका. चार-पाच फूट खोड उभं ठेवा. वरच्या टोकाला साखळी लावली की खोड तरफेसारखं चालतं आणि तोच ४०० किलोचा जोर मुळांशी कितीतरी वाढून पोचतो. आणि झाड बाभळीऐवजी साग, आंबा, चिंच किंवा मोहाचं असेल, तर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्या.

या कामाला पावसाळ्यानंतरचा वाफसा सगळ्यात चांगला. उन्हाळ्यात करायचं झालं तर दोन दिवस आधी बुडख्याभोवती आळं करून भरपूर पाणी सोडा. मात्र ट्रॅक्टर जिथं उभा राहणार ती वाट कोरडीच ठेवा. काळ्या रानात हे विसरलं की चाकं जागच्या जागी रुततात. खणण्याआधी पाण्याची पाइपलाइन आणि मोटारीची केबल कुठून गेली आहे ते पाहून घ्या. बुडखा पोकळ असेल तर बॅटरीच्या उजेडात आत बघा, साप असू शकतो.

आता खोदाई. बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर गोल चर घ्या, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल. वरची सुपीक माती एका बाजूला टाका, खालची दुसऱ्या बाजूला. बहुतेक जाड आडवी मुळं पहिल्या दीड फुटातच भेटतात. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडा आणि मधला वीतभर तुकडा काढून टाका. एकाच ठिकाणी तोडलं, तर बुडखा हलताना दोन्ही टोकं एकमेकांना अडतात आणि मूळ तोडूनही तो जागचा हलत नाही.

चेनसॉ वापरणार असाल तर मूळ आधी पाण्यानं धुवा आणि ओल्या गोणपाटानं पुसून साल स्वच्छ दिसू द्या. सालीच्या खाचेत चिमूटभर वाळू राहिली तरी साखळीचे दात क्षणात बोथट होतात. मातीत अर्धं गाडलेलं मूळ कुऱ्हाडीनंच तोडलेलं बरं.

मुळं तोडण्याचा क्रमही लक्षात घ्या. ट्रॅक्टर पूर्वेला ओढणार असेल तर पश्चिमेची मुळं सगळ्यात जास्त ताणली जातात, बुडख्याला धरून ठेवतात तीच. ती आधी तोडा, मग दोन्ही कडांची. ओढण्याच्या बाजूची शेवटी. त्यांच्यावर बुडखा बिजागरीसारखा वळतो.

साखळी वजन उचलण्याच्या कामाची, ग्रेड ८० (मजबुतीचा दर्जा) ची घ्या. १० मिलिमीटरची साखळी ३ टनांपर्यंतच्या कामाची असते आणि तिच्या कड्यांवर ८ किंवा ८० असा ठसा असतो. नायलॉनचा दोर नको. तो ताणून बसतो आणि तुटला की फटक्यानं मागे येतो. साखळीची लांबी किमान २५ फूट हवी. पाच फुटांचं खोड ट्रॅक्टरच्या दिशेनं पडणार असतं, आणि साखळी आखूड असली की तिचा तिरकस ताण मागची चाकं वर उचलतो. साखळीच्या मध्यावर ओलं पोतं टाका आणि माणसांना, पोरांना साखळीच्या दीडपट अंतरावर उभं करा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ट्रॅक्टरकडची साखळी मागच्या आसाच्या खाली, पक्क्या ड्रॉबारलाच (ओढण्यासाठीच्या लोखंडी पट्टीला) लावा. टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी कधीच नाही. अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन आर्म्समध्ये बसवलेली भोकांची पट्टीही नको, कारण वर जाणाऱ्या साखळीच्या ताणानं आर्म्स उचलले जातात आणि ओढीची जागा आसाच्या वर येते. चाकं अडकली आणि इंजिन जोर लावत राहिलं, तर ट्रॅक्टर स्वतःच आसाभोवती फिरतो. पुढची चाकं उचलल्यापासून सावरण्याला पाऊण सेकंदाच्या आसपासच वेळ मिळतो, तेवढ्यात माणसाचं डोकंही चालत नाही. म्हणून पुढे वजनं लावा आणि पाय क्लचवर तयार ठेवा.

पहिला लो गिअर, इंजिन मध्यम वेगात. आधी साखळी ताठ होऊ द्या, मग हळूहळू जोर द्या. झटका मारू नका. झटक्यानं साखळी तुटते किंवा गिअर जातात. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा खटका) सरळ रेषेत ओढतानाच लावा. चाक अर्धा फेरा जरी फुकट फिरलं तरी थांबा, उतरा आणि कुठलं मूळ राहिलं ते शोधा. बुडखा कलला की खाली जाड ओंडका सारा, नाहीतर तो परत खड्ड्यात बसतो. आता सोटमूळ दिसेल, ते बाजूनं तोडा. साखळीवर तोललेल्या बुडख्याखाली हात-पाय घालू नका.

खोड आधीच जमिनीलगत कापलेलं असेल तर ट्रकच्या चाकाची जुनी डिस्क (टायर काढलेलं लोखंडी चाक) बुडख्याला लागून, ट्रॅक्टरच्या बाजूला उभी करा, खाली फळी टाका. साखळी पलीकडच्या जाड मुळाखालून घेऊन डिस्कच्या खाचेवरून ड्रॉबारला आणा. आडवी ओढ आता बुडख्याला वर उचलते. बुडखा सुटताच डिस्क ट्रॅक्टरकडे गडगडत येते, तेव्हा लगेच थांबा.

वड, पिंपळ किंवा तीन फुटांवरची चिंच असेल तर मात्र सरळ जेसीबी बोलवा.

खड्डा भरताना आधी खालची माती, वीतभर थर, प्रत्येक थर चोपून. वरची सुपीक माती शेवटी, आणि जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच, कारण पहिल्या पावसात ती खाली बसते. आसपासच्या दहा-बारा फुटांत पहारीनं टोचून उरलेली मुळं काढा, आणि मगच तिथं रोटाव्हेटर घाला.